तेल एका पारड्यात, कर्नाळा दुसऱ्यात

पनवेलजवळच्या करंजाड्याहून मुंबई-गोवा महामार्गाला लागलं, की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. उलट जेएनपीटी बंदराच्या रस्त्याला वळलं, तर कंटेनर आणि टँकरांच्या रांगांतून वाट काढत तासाभरात उरण गाठता येतं. पहिल्या वाटेवर १९६८ साली जाहीर झालेलं आणि आता १२.११ चौरस किलोमीटर असलेलं पक्षी अभयारण्य आहे. दुसऱ्या वाटेच्या टोकाला बॉम्बे हाय या तेलक्षेत्राचं तेल आणि वायू समुद्रातून येऊन जमिनीला लागतात. संरक्षित रान आणि खनिज तेल यांच्यात काय राखायचं आणि काय काढायचं, यावर अलास्कापासून आसामपर्यंत कित्येक दशकं वाद चालू आहे. त्या वादातल्या दोन्ही बाजू पनवेल तालुक्यातल्या माणसाला एका सकाळच्या फेरीत पाहता येतात.

कर्नाळ्यात तेलविहीर खणायला कोणी निघालेलं नाही. तरीही हा प्रश्न समजून घ्यायला ही जागा चांगली आहे. इतर ठिकाणी चर्चा विहिरीच्या तोंडाशी सुरू होते आणि तिथंच संपते. आपल्याकडे विहीर दीडशेहून अधिक किलोमीटर लांब समुद्रात आहे. किनाऱ्यावर दिसतं ते तिच्यामागून आलेलं सगळं. आणि तराजूत बहुतेक वेळा धरलं जात नाही, ते नेमकं हेच.

तेल किती, आणि किती दिवसांचं?

आधी तेलाचं पारडं प्रामाणिकपणे भरू. १९७३च्या अखेरीस आखाती देशांनी तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट केले आणि भारताची परकीय चलनाची गंगाजळी आटू लागली. त्याच हिवाळ्यात ‘सागर सम्राट’ ही जपानमध्ये बांधलेली रिग मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर उभी होती. फेब्रुवारी १९७४ मध्ये तिला बॉम्बे हायचं तेल लागलं, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि १९७८ मध्ये समुद्रतळावरून उरणपर्यंत वाहिनी आली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला हे एकच क्षेत्र रोज चार लाख पिंपांच्या घरात तेल देत होतं. उरणच्या बोकडविऱ्याचं वायुविद्युत केंद्र आणि अलिबागजवळच्या थळचा खत कारखाना या वायूवरच उभे राहिले. त्या काळात हे तेल मिळालं नसतं, तर देशाला काय सोसावं लागलं असतं याचा अंदाज करणं अवघड नाही. तेल काढणं म्हणजे निव्वळ हावरटपणा, असं म्हणून हा विषय सुटत नाही.

पण ‘एवढे अब्ज पिंप तेल सापडलं’ या बातमीचा अर्थ बारकाईने पाहायला हवा. तेल जमिनीखाली टाकीत साठलेलं नसतं. बॉम्बे हायमध्ये ते चुनखडीच्या थरांतल्या बारीक छिद्रांत, भिजलेल्या विटेत पाणी असावं तसं, मुरलेलं आहे. वीट कितीही दाबली तरी सगळं पाणी निघत नाही. तसंच बॉम्बे हायमधून मूळ साठ्याचा ढोबळमानाने तीस टक्क्यांच्या आसपासचाच भाग हाती येतो. म्हणून भूगर्भशास्त्रज्ञ तीन आकडे वेगळे ठेवतात: खाली असलेलं तेल, तंत्राच्या जोरावर काढता येईल असं तेल, आणि चालू भावात काढणं परवडेल असं तेल. भाषणात पहिला आकडा येतो, कंपनी मात्र तिसऱ्याकडे बघते.

अलास्काचं उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या ईशान्य अलास्कात आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव राखीव क्षेत्र आहे. १९६०मध्ये राखलेलं आणि १९८०मध्ये वाढवलेलं हे क्षेत्र महाराष्ट्राच्या एक चतुर्थांशाएवढं भरतं. त्याचा किनाऱ्यालगतचा सपाट पट्टा, आपल्या रायगड जिल्ह्यापेक्षा थोडा लहान, १९८०च्या कायद्याने वेगळा काढून ठेवला. तिथे तेल काढायचं की नाही, याचा निर्णय पुढच्या संसदेवर सोपवला गेला. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९९८मध्ये त्या पट्ट्यात आणि लगतच्या भागात तंत्राने काढता येईल असं तेल सरासरी १,०४० कोटी पिंप असावं, असा अंदाज दिला. आकडा मोठा वाटतो. पण जग दिवसाला सुमारे १० कोटी पिंप तेल वापरतं. सगळंच्या सगळं तेल निघालं तरी जगाला ते साडेतीन महिने पुरेल. अर्थात ते एकदम निघणार नाही. तीस-चाळीस वर्षांत थोडंथोडं निघेल. म्हणजे कोणत्याही एका दिवशी बाजारावर त्याचा परिणाम जेमतेम जाणवेल. पण परवानगीच्या दिवसापासून पहिलं पिंप बाहेर येईपर्यंत दहाएक वर्षं जातील आणि तोवर रस्ते, धावपट्ट्या, वाहिन्या तयार झालेल्या असतील.

२०१७मध्ये अमेरिकी संसदेने या पट्ट्याचे भाडेपट्टे विकायला परवानगी दिली. जानेवारी २०२१च्या पहिल्या लिलावात मोठ्या तेल कंपन्या फिरकल्या नाहीत. सरकारच्या हाती जेमतेम दीड कोटी डॉलर पडले. जानेवारी २०२५च्या दुसऱ्या लिलावात तर एकही बोली आली नाही. चाळीस वर्षं ज्याच्यावरून रान उठलं, ते तेल बाजाराला तेवढंसं हवंहवंसं वाटलं नव्हतं.

भोक लहान, वाट लांब

२०१७च्या त्या कायद्यात एक अट होती: जमिनीवरची बांधकामं २,००० एकरांपेक्षा जास्त जागा व्यापणार नाहीत. म्हणजे आठ चौरस किलोमीटर, कर्नाळ्याहूनही कमी. ऐकायला माफक वाटतं. पण मोजणीची पद्धत पाहा. वाहिनी खांबांवरून जात असेल, तर फक्त खांब जिथे टेकतात तेवढीच जमीन मोजायची; दोन खांबांमधली वाहिनी हिशोबात धरायची नाही. त्या पट्ट्यात लाखाहून अधिक कॅरिबू हरणांचा कळप उन्हाळ्याच्या तोंडाशी विण्यासाठी येतो. अलास्काच्या इतर तेलक्षेत्रांवरच्या अभ्यासातून दिसलं आहे, की नवजात पिल्लं असलेल्या माद्या रस्ते आणि वाहिन्यांपासून काही किलोमीटर लांब राहतात. हरिणीच्या लेखी व्यापलेली जमीन खांबांची नसते. तिला जिथे जायची भीती वाटते, ती सगळी असते.

हे समजायला अलास्कापर्यंत जायलाच हवं असं नाही. कर्नाळा अभयारण्याच्या मधून मुंबई-गोवा महामार्ग जातो. डांबराखालची जमीन हेक्टरांत मोजली तर किरकोळ भरते. पण गाड्यांचा आवाज, रात्रीचे दिवे, रस्ता ओलांडताना मरणारे प्राणी आणि हॉटेलांचा कचरा यांचा पट्टा दोन्ही बाजूंना कितीतरी आत जातो. पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण कर्नाळ्यात वनखात्याच्या परवानग्यांसाठी बराच काळ अडकलं, ते याच कारणाने. आधीच बारा चौरस किलोमीटरचं रान, त्याच्या मधूनच रस्ता.

आता उरणकडे वळू. बॉम्बे हायची विहीर समुद्रात आहे. तिथे ना जंगल, ना गाव. ‘निसर्गाला धक्का न लावता तेल’ याचं उदाहरण म्हणून ती देता येईल. तरी मे १९९३मध्ये बॉम्बे हायची वाहिनी फुटली आणि हजारो टन कच्चं तेल समुद्रात गेलं. जानेवारी २०११मध्ये मुंबई-उरण वाहिनीतून पुन्हा गळती झाली. मधल्या काळात, जुलै २००५मध्ये, बॉम्बे हाय नॉर्थवर एक जहाज प्लॅटफॉर्मच्या नळांवर आदळलं. आगीत २२ जणांचा जीव गेला आणि प्लॅटफॉर्म नष्ट झाला. सप्टेंबर २०१९मध्ये उरणच्या तेल-वायू प्रक्रिया प्रकल्पात आग लागून चौघे दगावले. खुद्द विहीर खोदताना यातलं काहीच झालं नाही. झालं ते वाहतुकीत, साठवणीत आणि प्रक्रियेत.

समुद्रात सांडलेलं तेल किनाऱ्याला आलं की सर्वांत मोठा फटका खारफुटीला बसतो, आणि त्यामागे शरीररचनेचं कारण आहे. खाजणातला चिखल घट्ट असतो, त्यात हवा जवळजवळ नसते. म्हणून तिवराची झाडं पेन्सिलीएवढी मुळं चिखलातून वर काढतात आणि त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतात. दिवसातून दोनदा भरती येते आणि ओसरताना तेलाचा थर या मुळांवर बसतो. छिद्रं बुजली की झाड गुदमरतं. त्यापुढची गोष्ट आणखी वाईट: चिखलात मुरलेलं तेल प्राणवायूअभावी फार हळू कुजतं. पनामात १९८६मध्ये सांडलेलं तेल खारफुटीच्या गाळातून त्यानंतर कित्येक वर्षं पुन्हापुन्हा वर येत राहिलं. ७ ऑगस्ट २०१०ला मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजं धडकली, तेव्हा सुमारे ८०० टन तेल सांडलं. ते विहिरीचं तेल नव्हतं, जहाजाचं इंधन होतं. पण भरती-ओहोटीने ते घारापुरी, उरण, अलिबागपर्यंत तिवरांत नेऊन पसरवलं. निवट्या, चिंबोऱ्या, जिताड्याची पिल्लं ज्या खाजणात वाढतात, तिथेच.

आसाममधलं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाच्या खाली तेल आणि वायू आहे. मे २०२०मध्ये तिथल्या सात विहिरींना पर्यावरण मंजुरी मिळाली. उद्यानात पाऊलही न ठेवता, हद्दीबाहेर रिग उभी करून तिरपं वेधन करायचं, अशी ती योजना होती. तंत्र खरंच आहे. अशा विहिरी कित्येक किलोमीटर आडव्या जाऊ शकतात. पण त्याच महिन्यात, २७ मेला, उद्यानापासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या बाघजानच्या पाच नंबरच्या जुन्या विहिरीतून वायू उसळून बाहेर आला. ९ जूनला तिने पेट घेतला, अग्निशमन दलाचे दोन जवान मृत्युमुखी पडले, हजारो लोकांना घरं सोडावी लागली आणि मागुरी-मोटापुंग या पाणथळीवर तेलाचा तवंग पसरला. विहीर पूर्णपणे बंद व्हायला १५ नोव्हेंबर उजाडला. रिग हद्दीबाहेर होती, पण अपघाताने हद्द पाळली नाही.

कर्नाळ्याची किंमत किती?

दुसऱ्या पारड्यात रान ठेवायचं, तर त्याचं वजन कशात मोजायचं? आपल्याकडे याला सरकारी दर आहे. वनजमीन दुसऱ्या कामाला वळवायची, तर त्या जंगलाचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे दर ठरवून दिले; पुढे ते वाढले. अभयारण्यासाठी दर पाचपट, राष्ट्रीय उद्यानासाठी दहापट.

या दराने कर्नाळ्याचा ढोबळ हिशोब करू. १,२११ हेक्टर, सर्वांत वरचा २००८चा दर, आणि त्याची पाचपट: सुमारे ६३१ कोटी रुपये. आता बॉम्बे हाय आजही रोज एक लाख तीस हजार पिंपांच्या आसपास तेल देतं. पिंपाला ७० डॉलर आणि डॉलरला ८५ रुपये धरले, तर खर्च वजा न करता दिवसाची विक्री सुमारे ७७ कोटी रुपयांची. म्हणजे सगळा कर्नाळा, सुळक्यासकट, बॉम्बे हायच्या आठ-नऊ दिवसांच्या तेलात विकत मिळतो. दर दुप्पट केला तरी सोळा-सतरा दिवस.

हा हिशोब चुकलेला नाही. तो जिथे वापरला जातो, ती जागा चुकीची आहे. हा दर म्हणजे जंगल वापरल्याची फी आहे. एकदा ठरल्यावर किती भरायचं, ते ती सांगते. ठरवायचं की नाही, ते सांगू शकत नाही. पैशांच्या मापाने मोजलं, तर तेल दर वेळी जिंकणार, कारण तेलाला रोजचा बाजार आहे. पावसाळ्यात कर्नाळ्यात जिरणारं पाणी किंवा हिवाळ्यात तिथे उतरणारा स्थलांतरित पक्षी, यांना बाजार नाही.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉन क्रुटिला यांनी १९६७मध्ये या कोड्याकडे वेगळ्या बाजूने पाहिलं. त्यांचा मुद्दा साध्या शब्दांत असा: एका गोष्टीची किंमत दुसरीशी लावण्याआधी विचारा, की यातला कोणता निर्णय मागे घेता येतो. तेल आज काढलं नाही, तर ते खालीच राहतं. वीस वर्षांनी गरज पडली तर काढता येईल, कदाचित चांगल्या तंत्राने. रान आज तोडलं, तर वीस वर्षांनी मन बदलून उपयोग नाही. शिवाय तेलाला पर्याय निघत जातात, तंत्र सुधारतं. रान मात्र नव्याने तयार होत नाही, आणि उरलेल्याची किंमत लोकसंख्येबरोबर वाढत जाते. म्हणजे थांबण्यातला तोटा तात्पुरता, काढण्यातला कायमचा. दोन्ही पारड्यांतली वजनं एका जातीची नाहीत, हे लक्षात घेतल्याशिवाय तराजू हातात घेण्यात अर्थ नाही.

भरपाईची झाडं लावून हा फरक बुजवता येतो, असं सांगितलं जातं. करंजाडे-वडघर-उलवे पट्ट्यातल्या माणसाला याचा अनुभव दारातच आला. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं, कांदळवन गेलं. सगळं परवानगीने, बदल्यात लागवडीच्या अटीने. खारफुटीचं रोप दुसरीकडे लावता येतं. पण ज्या खाडीत भरतीचं पाणी पसरायचं, ती जागा रोपाबरोबर हलवता येत नाही.

न काढलेलं तेल येतं कुठून?

समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा इथे येतो, आणि त्याला टाळून पुढे जाणं बरोबर नाही. भारत वापरतो त्या कच्च्या तेलातलं ८७-८८ टक्के बाहेरून येतं. आपण आपलं रान राखलं आणि तेवढंच तेल नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातून मागवलं, तर तिथली खारफुटी काळी झाली एवढाच फरक. नुकसान टळलं नाही, जागा बदलली.

मुद्दा खरा आहे, पण तो कशाला लागू होतो ते पाहायला हवं. देश दिवसाला सुमारे ५५ लाख पिंप तेल वापरतो. बॉम्बे हायसारखं, देशातलं सर्वांत मोठं क्षेत्र आज त्यातलं अडीच टक्क्यांच्या आसपास पुरवतं. एखाद्या अभयारण्याखालच्या लहानशा साठ्याने आयात हटणार नाही. ती हटवायची तर वापराच्या बाजूने, गाड्या, मालवाहतूक आणि वीज यांच्यात बदल करावा लागेल. शिवाय जुन्या क्षेत्रातून अधिक तेल काढणं हाही मार्ग आहे. जानेवारी २०२५मध्ये बॉम्बे हायचं घटलेलं उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या कंपनीला तांत्रिक साहाय्यक म्हणून नेमलं गेलं. जिथे वाहिन्या, प्लॅटफॉर्म, रस्ते आधीच आहेत, तिथे विटेतून आणखी थोडं पिळून काढणं हे नव्या रानात पहिलं भोक पाडण्यापेक्षा कमी नुकसानीचं.

लाभ कोणाला आणि भोग कोणाला, हाही प्रश्न सरळ नाही. अलास्कात कॅरिबूवर जगणारे ग्विचिन लोक तेलाला विरोध करतात. राखीव क्षेत्राच्या किनाऱ्यावरच्या काक्तोविक गावातल्या इनुपियाट लोकांपैकी अनेकांना शाळा-दवाखान्यांसाठी तेलाचा पैसा हवा आहे. उरणमध्येही एकाच घरात एक भाऊ प्रकल्पात कामाला आणि दुसरा होडीवर असू शकतो. समुद्रात तेलाचा शोध घेण्यासाठी भूकंपीय सर्वेक्षण चालू असतं, तेव्हा मच्छीमारांना त्या पट्ट्यात जाळी टाकता येत नाहीत, आणि प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचं क्षेत्र कायम बंद असतं. ‘स्थानिकांचं मत’ एकच असतं असं समजणं दोन्ही बाजूंच्या सोयीचं आहे, खरं नाही.

कायदा काय म्हणतो

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे शब्द कडक आहेत: अभयारण्यातला अधिवास बिघडवणारं काम वन्यजीवांच्या भल्यासाठी आवश्यक असेल तरच करता येतं. प्रत्यक्षात राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची स्थायी समिती रस्ते, वाहिन्या, वीजतारा यांना अटी घालून परवानगी देत असते. राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं आणि त्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत खाणकामाला बंदी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. हद्दीबाहेरही नकार देता येतो, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे: ताडोबालगतच्या लोहारा कोळसाखाणीचा प्रस्ताव २००९-१०च्या सुमारास पर्यावरण मंत्रालयाने अडवला, कारण खाणीची जागा वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर होती.

समुद्रात मात्र मोठी पोकळी आहे. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आंग्रिया बँक हा पाण्याखालचा प्रवाळांचा पठारी प्रदेश आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा. वन्यजीव कायद्याने अभयारण्य करता येतं ते बारा सागरी मैलांच्या आत. आंग्रिया त्याच्या कितीतरी पलीकडे. तेल शोधायची परवानगी देणारी व्यवस्था तिथपर्यंत पोचते, राखणारी व्यवस्था पोचत नाही.

दुसरी पोकळी वेळेची आहे. जानेवारी २०२०च्या अधिसूचनेने तेल-वायूच्या शोधासाठीची वेधनं अशा गटात टाकली, ज्यात जनसुनावणी लागत नाही. सुनावणी होते ती तेल सापडल्यावर, उत्पादनाच्या वेळी. तर्क असा, की शोध म्हणजे नुसतं बघणं. त्यात नुकसान फारसं नाही. पण तराजूच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. तेल सापडल्यानंतर पारड्यात त्याचा आकडा पडतो, राज्याला मिळणाऱ्या स्वामित्वधनाचा हिशोब पडतो, झालेल्या खर्चाचं ओझं पडतं. मग रानाच्या बाजूने बोलणारा माणूस ‘सापडलेलं सोडा’ असं सांगतो, आणि ते ऐकणं कोणत्याही सरकारला जड जातं.

इक्वेडोरने हे अनुभवलं. यासुनी या राष्ट्रीय उद्यानाखालचं तेल तसंच ठेवायचं, बदल्यात जगाने ३६० कोटी डॉलर द्यावेत, असा प्रस्ताव त्या देशाने २००७मध्ये मांडला. प्रत्यक्षात हाती पडले दीड कोटीच्याही आत, आणि २०१३मध्ये योजना गुंडाळली गेली. २०१६मध्ये तिथून तेल निघू लागलं. ऑगस्ट २०२३मध्ये जनमत घेतलं, तेव्हा सुमारे ५९ टक्के मतदारांनी ‘तेल जमिनीतच ठेवा’ म्हटलं. पण तोवर विहिरी वाहत होत्या, अर्थसंकल्पात त्यांचं उत्पन्न धरलेलं होतं, आणि मताची अंमलबजावणी रेंगाळली. लोकांचा कौल मिळाला, पण पहिलं भोक पडून गेल्यानंतर.

आपल्याकडे पुढच्या वेळी असा प्रस्ताव कुठेही आला, कोकणाच्या समुद्रात किंवा विदर्भाच्या जंगलाकाठी, तर विचारायचे प्रश्न फार नाहीत. तेल किती आहे यापेक्षा किती निघेल आणि देशाला किती दिवस पुरेल? विहिरीची जागा किती यापेक्षा तिच्यामागून येणारी वाहिनी, रस्ता, साठवण आणि जहाजं कुठून जातील? अपघात झाला तर तवंग कुठल्या खाजणात शिरेल, आणि तो रोखायची साधनं तिथे आजच आहेत का? जे जाईल, ते परत येणारं आहे का? आणि हे सगळं विचारायची वेळ कोणती? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे: रिग उभी राहण्याआधी. अभयारण्य ही अशी जागा आहे, जिच्याबद्दल समाजाने एकदा विचार करून ‘इथे नाही’ असं ठरवलेलं असतं. ते पुन्हा तोलायचं असेल, तर निदान तेवढ्याच विचाराने, सुनावणी घेऊन, सगळी वजनं मांडून तोलावं. शोधाच्या परवानगीच्या आडून गुपचूप नव्हे.